जंतू मारा, पण मागे काही ठेवू नका

जखमेवरची पट्टी असो की हात धुण्याचा साबण, आपण आजवर त्यांच्याकडून एकच मागितले: जंतू मेले पाहिजेत. काम झाल्यावर त्यातले रसायन कुठे जाते, हे कुणी विचारले नाही. साबणातले ट्रायक्लोसान हे जंतुनाशक असेच सांडपाण्यातून नद्यांत पोचले. अमेरिकेने २०१६ मध्ये घरगुती साबणांत ते वापरायला बंदी केली. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी २०१९ या एका वर्षात जगभर थेट सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा अंदाज आहे. अशा वेळी जंतूंना सरावायला वाव देणारे, मागे रेंगाळणारे जंतुनाशक आपल्याला परवडणारे नाही.

डीएनए आणि प्रथिनांपासून जंतुनाशक पदार्थ घडवण्याच्या संशोधनाला मी म्हणूनच महत्त्व देतो. ही युक्ती मुळात आपल्या शरीराची. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी स्वतःचा डीएनए बाहेर फेकून जाळे पसरतात आणि त्याला चिकटलेली प्रथिने अडकलेल्या जंतूंवर तुटून पडतात, हे बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. काम उरकले की रक्तातले विकर हे जाळे विरघळवून टाकते.

प्रयोगशाळेतही सूत्र तेच. डीएनएवर ऋण भार असतो, तर अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या लायसोझाइम या प्रथिनावर धन भार. त्यामुळे दोघे एकमेकांना धरून राहतात. जंतूची भिंत फोडणारे हे लायसोझाइम फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्येच जगापुढे मांडले होते. त्याला धरून ठेवू शकेल असे निव्वळ डीएनएचे जेल अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २००६ मध्ये तयार झाले.

अडचणी खऱ्या आहेत. काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणापुढे लायसोझाइम एकटे कमी पडते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू तर डीएनए कापणारे विकर स्वतःच सोडतो, म्हणजे जेल वेळेआधीच विरघळायचे. जखम भरेपर्यंत टिकणे आणि भरल्यावर नाहीसे होणे, हा तोल साधणे हेच खरे संशोधन आहे आणि त्याला पैसा व सवड दोन्ही द्यावी लागतील.

सरकारी रुग्णालयांच्या खरेदीत यापुढे दोन प्रश्न हवेत: हे जंतू किती मारते, आणि किती दिवसांत नाहीसे होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर पहिल्या उत्तरावर भाळून खरेदी करू नये.