डोंगराची दुरुस्ती : देणगी नव्हे, खर्चाची बाब



बॉयलरची नळी गळाली तर तिच्या दुरुस्तीवर पैसे का घातले, असे सर्वसाधारण सभेत आजवर कुणी विचारलेले आम्ही ऐकले नाही. ती करावीच लागते. मग ज्या डोंगरातून आपल्या उसाचे पाणी येते, त्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला की तो 'सामाजिक कार्य' या सदरात कसा काय जातो?

कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही नावे जागतिक वारशाच्या यादीत गेली. कागदावर संरक्षण आहे. वणव्याला मात्र कागद वाचता येत नाही. शिवाय अभयारण्याच्या हद्दीबाहेरचे बरेचसे उतार शेतकऱ्यांच्या मालकीचे आहेत. तिथला माणूस जळणासाठी, कोळशासाठी रान तोडून देतो, कारण त्याला दुसरे काही पिकत नाही. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याच्या रानातून झिरपणाऱ्या पाण्यावर आपण ऊस काढतो आणि त्याला आजवर आपण एक छदाम दिलेला नाही, हेही बोलले पाहिजे.

इंग्लंडातील पीक डिस्ट्रिक्टची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. हा डोंगराळ मुलूख १९५१ साली त्या देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. त्याच्या माथ्यावर पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या, कुजक्या मातीचा जाड थर आहे. मँचेस्टरकडच्या गिरण्यांच्या धुराने तिथले शेवाळ मेले. चर खणून पाणी काढले गेले, वणवे लागले आणि माती वाहून तलावात आली. पाणी तांबूस झाले, ते शुद्ध करण्याचा खर्च वाढला. तेव्हा २००५ पासून पाणी पुरवणाऱ्या युनायटेड युटिलिटीज या खासगी कंपनीने पक्षी-संरक्षण संस्थेला आणि आपल्या कुळांना बरोबर घेऊन चर बुजवले, कुंपणे घातली, उघड्या मातीवर हिरवळ आणली. ही धर्मादाय संस्था नव्हे, बरं का! धंदेवाईक कंपनीच ती.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करणे भाग आहे. सहकारी कारखान्याला ते कलम लागू नाही. पण त्या पैशांतून पुष्कळदा होते काय? जूनमध्ये खड्डे, रोपे, फोटो, मार्चमध्ये वणवा. कुणी उघड्या सड्यावरच खड्डे घेतो. अहो, कासला फुले येतात ती सड्यावरच! तिथे झाडे लावणे म्हणजे चांगले रान मोडणे. काम करायचे तर जाळरेषा काढा, रानमोडी-घाणेरी उपटा, हिरडा-जांभूळ-अंजनी आपोआप फुटते तिथे चराई थांबवा आणि रान राखणाऱ्या मालकाला दरसाल एकरी मोबदला द्या. पाच-दहा वर्षे हे चालले पाहिजे. एका हंगामात काही दिसणार नाही.

जंगल वाढले म्हणजे २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर थांबेल, अशी थाप आम्ही मारणार नाही. तेवढ्या पावसापुढे कुणाचेच चालत नाही. पण ओढ्यात येणारी माती कमी होईल, झरे होळीनंतरही थोडे टिकतील.

"आधीच बिलातून कपाती काय कमी आहेत?" असे सभासद म्हणतील, आणि त्यांचे चुकते असे आम्हाला वाटत नाही. म्हणून ऊस बिलाला हात न लावता डिस्टिलरीच्या नफ्यातून ठराविक रक्कम बाजूला काढावी, कामाची गावे डोंगरातल्या ग्रामसभांना विचारून ठरवावीत आणि पै-पैचा हिशेब याच अंकात छापावा. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची संचालक मंडळाला सूचना आहे. ज्यांना हे पटत नाही, त्यांनीही सभेला येऊन आपले म्हणणे मांडावे.