साचा कोणाच्या मालकीचा?

कुठल्याही औद्योगिक शहराच्या कडेला फायबरकामाच्या शेडमध्ये एकदा डोकावून बघा. गाडीचा स्पॉयलर, डॅशबोर्डची पट्टी, आरशाचं कव्हर, बसचा पुढचा चेहरा, सगळं तिथं हाताने तयार होतं. तिथं आपल्या वस्तीतली पोरंही दिसतील. कोपऱ्यात बसून पॉलिश पेपरने घासणारा, अंगभर काचेची पांढरी धूळ घेऊन घरी जाणारा, रात्रभर अंग खाजवणारा पोरगा कोण आहे, हे त्याला विचारा. मग हेही विचारा की ज्या साच्यातून तो भाग निघाला, तो साचा कोणाचा? उत्तर ठरलेलं असतं. साचा शेठचा.

या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. या धंद्यात घाम घासण्यात जातो आणि पैसा साच्यात राहतो. आपल्या पोरांनी साचा करायला शिकलं पाहिजे आणि तो स्वतःच्या मालकीचा ठेवला पाहिजे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी मूळ नमुना करतात. पीयू फोम किंवा एमडीएफ कोरायचा, पुट्टी भरायची, घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा. त्यावर वॅक्सचे चार-पाच हात, मग पीव्हीएचा पातळ थर, म्हणजे चिकटणार नाही. त्यावर जेलकोट. जेलकोट बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतका आवळला, की काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन थरावर थर, मधली हवा रोलरने काढत. पूर्ण घट्ट झाल्यावर नमुना बाहेर काढला की हातात उरतो तो साचा. पुढचे सगळे भाग या साच्यातून निघतात. नीट जपलेल्या साच्यातून डझनांनी भाग काढता येतात. नमुन्यावर घालवलेले आठ-दहा दिवस एकदाच जातात, त्याचं फळ साचा टिकेल तोवर मिळतं.

आता हिशेब करा. घासणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळते आणि दिवस संपला की त्याचं खातं बंद. ज्याचा साचा आहे, त्याला प्रत्येक नगावर मिळतं. पोरगा काम सोडून गेला तर दुसरा पोरगा येतो. साचा गेला तर मात्र धंदाच गेला. म्हणून शेठ साचा कुलपात ठेवतो आणि ग्राइंडर उघड्यावर.

ही ताकद किती मोठी आहे, हे मोटारीच्या इतिहासातही दिसतं. १९५३ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने शेव्हरोले कॉर्व्हेट ही फायबरग्लासच्या बॉडीची गाडी बाजारात आणली. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या झाल्या आणि त्या बहुतांशी हातानेच जोडलेल्या होत्या. लोखंडी पत्रा दाबायच्या डाय अतिशय महाग पडतात आणि करायला वेळही फार लागतो. थोड्याच गाड्या काढायच्या असतील तर साचा आणि रेझिन परवडतं. आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानी कंपनीने १९८०च्या दशकात काढलेली डॉल्फिनसुद्धा फायबरच्या बॉडीची होती. अवाढव्य प्रेस नसताना गाडीचा भाग घडवायचा हा मार्ग आहे. ज्याच्याकडे भांडवल नाही पण हात आणि डोकं आहे, त्याच्यासाठी यापेक्षा सोयीची वाट कोणती?

असं असताना आपण घासण्याच्याच टोकाला का? 'पोरं शिकली नाहीत म्हणून' असं सांगणाऱ्यांनी मुंबईच्या गिरण्या आठवाव्यात. तिथं अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात शिरू दिलं जात नव्हतं. त्या खात्यात मजुरी जास्त होती. कारण काय सांगायचे? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धागा आम्हाला विटाळेल. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. कामगारांच्या एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी हे दार उघडावं, असा त्यांचा आग्रह होता. गिरणीत आपल्याला काम मिळत होतं, पण चांगल्या मजुरीचं खातं बंद होतं. 'जातिनिर्मूलन'मध्ये त्यांनी हेच दाखवलं की जात फक्त कामं वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच खालीवर रचते. आज कोणी विटाळ म्हणत नाही. 'साच्याचं काम उस्तादाच्या घरातल्यालाच जमतं', 'तू आधी दोन वर्षं घासायला शिक' असं म्हणतात. दोन वर्षांची पाच होतात. भाषा बदलली, खातं बंदच राहिलं.

दुसरीकडे सरकार काय सांगतं? १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ धंद्यांची यादी आहे: सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, धोबी, टोपल्या-झाडू करणारे वगैरे. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. ज्याला मिळतं त्याने जरूर घ्यावं, ते कोणाचे उपकार नाहीत. पण यादी नीट वाचा. कुटुंबात चालत आलेलं कौशल्य, गुरु-शिष्य परंपरा, ही तिची भाषा आहे. बापाने झाडू बांधला तर मुलानेही झाडूच बांधावा, फक्त अवजार नवं घ्यावं! ज्या जातीच्या धंद्यातून बाहेर पडण्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी गाव सोडलं, त्याच धंद्याला आता प्रमाणपत्र मिळणार.

रेझिनच्या कामाला हे लागूच होत नाही. पॉलिस्टर रेझिन आणि काचेचा धागा यांची जोडी १९४०च्या दशकात जमली. कोणत्याही पुराणात तिचा देव नाही. कोणत्याही जातीचा तिच्यावर वंशपरंपरागत हक्क नाही. कोणाचा आजा कार्बन फायबर विणत नव्हता. म्हणूनच हा धंदा आपल्यासाठी मोकळा आहे, आणि म्हणूनच तो परत 'घराण्याचा' व्हायच्या आत आपण त्यात शिरलं पाहिजे.

आता आपल्याच लोकांचा आक्षेप. 'बाबासाहेबांनी शिका सांगितलं, आणि तुम्ही पोरांना पुन्हा हात काळे करायला लावता?' हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण अर्धवट आहे. १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षणाकरता शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४२ ते १९४६ ते मजूरमंत्री होते आणि तांत्रिक प्रशिक्षणाचा कारभार त्याच खात्याकडे होता. गांधींच्या यंत्रविरोधाला त्यांनी उघड विरोध केला, कारण यंत्राशिवाय कष्टकऱ्याला उसंत मिळणार नाही हे त्यांना कळत होतं. स्पर्धा परीक्षेला जरूर बसा. पण चार-पाच प्रयत्न झाल्यावर रिकाम्या हाताने गावी परतलेल्या पोराला 'अजून एक वर्ष' एवढंच सांगणारी चळवळ कामाची नाही. हात काळे होण्यात कमीपणा नाही. हात काळे करून मालकी दुसऱ्याची ठेवण्यात आहे. आणि साच्याचं काम म्हणजे नुसती हमाली नव्हे. नमुन्याला बाहेरच्या बाजूला किती उतार दिला म्हणजे भाग अडकणार नाही, साचा कुठे दोन तुकड्यांत फोडायचा, रेझिन आवळताना किती आकसेल, हे सगळं गणित आणि रसायनशास्त्र आहे.

सुरुवात घरापासून होऊ शकते, पण घरात नको, उघड्या ओसरीत किंवा गच्चीवर करा. पहिलं काम गाडीच्या आतल्या सजावटीच्या पट्टीचं घ्या. बंपरला हात लावू नका, तो अपघातात जीव वाचवणारा भाग आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. आरटीओत गाडी अडकली तर गिऱ्हाईक तुमच्याच दारात येईल. जुन्या पट्टीवर कार्बन कापड चढवायचं असेल तर आधी काळा इपॉक्सीचा हात द्या, तो चिकट असतानाच कापड बसवा, मग इपॉक्सीचे थर. सुकल्यावर १२० नंबरपासून २०००पर्यंत पाण्यात घासा. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, म्हणून वरून यूव्ही क्लिअर कोट हवाच. थर्माकोलवर पॉलिस्टर रेझिन ओतू नका, ते थर्माकोल विरघळवतं. तिथं इपॉक्सी वापरा. इपॉक्सीत हार्डनर अंदाजाने घालू नका, वजनकाट्यावर मोजा. जास्त घातलं म्हणून लवकर सुकत नाही, कायमचं चिकट राहतं.

आणि जिवाची गोष्ट. पॉलिस्टर रेझिनचं कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करू नका, आग लागते, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. हे हार्डनर डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो, चष्म्याशिवाय बाटली उघडायची नाही. रेझिनच्या उग्र वासातलं स्टायरीन माणसाला बहुधा कर्करोग करतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये ठरवलं आहे. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, त्याला कार्ट्रिजचा मास्क लागतो. हात ॲसिटोनने धुऊ नका. टू-के क्लिअर कोटच्या फवाऱ्याने दमा जडतो. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही.

हे वाचून भिऊ नका, चिडा. कारण शेडमध्ये घासणाऱ्या पोराला यातलं कोणी काही सांगितलेलं नसतं. कामगार कमी म्हणून अशा शेडपर्यंत फारसा कोणी निरीक्षक फिरकत नाही. घाणीचं काम ज्याच्या वाट्याला, त्याच्या फुफ्फुसाची किंमत शून्य, हा हिशेब आपण गटारात उतरणाऱ्या आपल्या भावांच्या बाबतीत फार जवळून पाहिला आहे. फायबरच्या शेडमध्ये तोच हिशेब नव्या रसायनांसह चालतो. म्हणून आज जो शेडमध्ये कामाला आहे त्याने पहिली मागणी मास्कची करावी, आणि एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून. उद्या आपली शेड झाली तर तिथल्या हेल्परला मास्क पहिल्या दिवशी मिळाला पाहिजे. नाहीतर शेठची जात फक्त बदलली, असंच म्हणावं लागेल.

मग करायचं काय? पाच-सहा जणांनी एकत्र या. मुलींना वगळू नका. पहिला नमुना सगळ्यांनी मिळून करा. रेझिन किती, हार्डनर किती, त्या दिवशी ऊन किती होतं, कुठे बुडबुडा राहिला, हे वहीत लिहा. उस्तादाच्या डोक्यात कोंडलेलं ज्ञान म्हणजे दुसरी पोथीच, ती वहीत उतरवली की सगळ्यांची होते. प्रत्येक साच्यावर गटाची खूण आणि तारीख कोरा. बिल करा, उद्यम नोंदणी करा. २०१२च्या सार्वजनिक खरेदी धोरणात केंद्र सरकारच्या खात्यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करायची तरतूद आहे, तिचा पाठपुरावा करा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या दारात अर्ज घेऊन जा, फाईल अडली तर मोर्चा घेऊन जा.

जयंतीला डीजेची गाडी सजवायला आपण वर्गणी काढतो. त्यातली थोडी वर्गणी बाजूला काढून यंदा वस्तीत एक वजनकाटा, चार मास्क आणि रेझिनचा एक डबा आणा. पुढच्या जयंतीपर्यंत वस्तीच्या मालकीचा पहिला साचा तयार झालेला असू द्या.

जय भीम!