फावला वेळ : ज्यांच्याभोवती गर्दी नसते
वाचकहो, स्वाक्षऱ्या जमविण्याचा नाद आपल्यापैकी पुष्कळांना शाळकरी वयात लागून गेला असेल. गुलाबी, पिवळ्या, निळ्या पानांची ती चिमुकली वही घेऊन आपण व्याख्यानाच्या मंडपाबाहेर ताटकळलो असू आणि एखाद्या थोर गृहस्थाने चालता चालता ओढलेली वेडीवाकडी रेघ घरी आणून मोठ्या अभिमानाने दाखविली असेल. पुढे ती वही माळ्यावर गेली. आज ज्या छंदाची ओळख मी करून देणार आहे, तो ह्याच नादाचा भाऊबंद. मात्र त्याची पावले उलट दिशेने पडतात. गर्दी जिकडे धावते तिकडे पाठ करून, एकट्या उभ्या असलेल्या खेळाडूकडे तो जातो.

गेल्या पावसाळ्यात उत्तर कोलकात्यातील बागबाजारात एका स्नेह्यांकडे आठवडाभर राहण्याचा योग आला. त्यांच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना ‘जेठू’ म्हणते. आपल्याकडे थोरल्या चुलत्याला काका म्हणावे तसे. घरापुढील ओट्यावर, ज्याला तिकडे ‘रक’ म्हणतात, संध्याकाळी त्यांची बैठक असते. मी महाराष्ट्रातून आलो आहे असे कळताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कोल्हापूरच्या फुटबॉलविषयी! मग आतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आला. त्यात पोस्टकार्डाच्या आकाराची जाड कार्डे उभी लावलेली होती. प्रत्येकावर वर्तमानपत्रातून कापलेले एका फुटबॉलपटूचे चित्र, त्याखाली मुद्दाम कोरी सोडलेली दोन बोटांची पट्टी, आणि तीवर स्वाक्षरी. मी एकामागून एक कार्डे पाहत गेलो. एकही नाव माझ्या ओळखीचे निघाले नाही. जेठू प्रसन्नपणे हसले. “तोच तर नियम आहे,” ते म्हणाले.

विलायतेत अशी कार्डे छापील मिळत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती मुलांसाठी विकली जाऊ लागली आणि पुढे सिगारेटच्या पाकिटातून घरोघर पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली तेव्हा ती पाकिटे रिकामी झाली; नंतर च्युइंगमच्या वेष्टनातून कार्डे परतली, आणि १९७०च्या मेक्सिकोतील विश्वचषकापासून इटलीतील पानिनी कंपनीची चिकटचित्रे जगभर गेली. कोलकात्याच्या मैदानावरील लहान क्लबांच्या खेळाडूंची कार्डे मात्र कोण छापणार? तेव्हा जेठूंनी ती स्वतःच तयार केली. शाळेत असताना श्यामबाजारहून ट्रॅमने एस्प्लनेड गाठायचे, तेथून मैदानापर्यंत चालायचे आणि सामना संपल्यावर क्लबाच्या तंबूबाहेर उभे राहायचे, असा त्यांचा क्रम होता.

बागबाजारच्या पोराला फुटबॉलचे वेड लागावे ह्यात नवल नाही. येथून चालत जाता येईल अशा बलराम घोष स्ट्रीटवरील भूपेंद्रनाथ बसूंच्या घरी १५ ऑगस्ट १८८९ रोजी मोहन बागान क्लबाची स्थापना झाली. त्याच क्लबाने २९ जुलै १९११ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २–१ असा पराभव केला. अकरांपैकी दहाजण अनवाणी खेळले. पायात बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जींच्या. गोल करणारे शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष घरोघर ठाऊक झाले. पण मधल्या फळीतील नीलमाधव भट्टाचार्य किंवा गोलरक्षक हीरालाल मुखर्जी ह्यांची नावे बंगालबाहेर किती जणांना सांगता येतील? तोच प्रकार १९५८चा. त्या वर्षी ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग ह्या तिघांखेरीज दुसऱ्या कोणाला तो मान मिळायला त्यानंतर थेट २०१९ साल उजाडावे लागले. तेव्हा पीअरलेस क्लब विजेता ठरला. १९५८ म्हटले की पी. के. बॅनर्जींचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. बाकीचे दहाजण मात्र विस्मरणात गेले.

ह्यांना धंदेवाईक खेळाडू म्हणावे की नाही, हाही एक गमतीचा प्रश्न आहे. त्या काळी फुटबॉलपटू रेल्वेत, बंदरात किंवा कस्टममध्ये नोकरी करी आणि दुपारनंतर मैदानावर येई. देशव्यापी राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली, त्यानंतर उघड करारपत्रे व पगार रुळले. तरीही दर मोसमाला खेळाडू क्लब बदलीत. आपल्याकडे राजकारण्यांना लावला जाणारा ‘दलबदल’ हा शब्द कोलकात्यात प्रथम फुटबॉलपटूंच्या संदर्भात कानी पडतो! म्हणूनच नुसत्या स्वाक्षरीला फारसा अर्थ नसतो. ती कोणत्या वर्षाची, तेव्हा खेळाडू कोणत्या क्लबात होता, हे टिपलेले हवे. जेठू प्रत्येक कार्डाच्या मागे शिसपेन्सिलीने तारीख, प्रतिपक्ष, निकाल आणि एखादी बारीकशी नोंद लिहीत आले आहेत.

ह्या नोंदींचे मोल मला एका कार्डाच्या हकिगतीवरून कळले. खरे तर ते कार्ड मला पाहायला मिळालेच नाही. काही वर्षांपूर्वी हावडा जिल्ह्यातील एक तरुण चौकशी करीत जेठूंकडे आला. त्याचे आजोबा एका लहान क्लबाकडून दोन मोसम बचावफळीत खेळले होते, असे घरात सांगत. पण १९७८च्या महापुरात घरातील सारी कागदपत्रे गेली होती आणि त्या सांगण्याला काहीच आधार उरला नव्हता. जेठूंनी डबा उघडला. १९६६चे कार्ड निघाले. स्वाक्षरी इंग्रजीत, अगदी वळणदार. मागे लिहिले होते : ‘पाऊस. ०–२ हार. डाव्या गुडघ्याला पट्टी, तरी अखेरपर्यंत खेळला.’

तरुण बराच वेळ बोलला नाही. आजोबा जन्मभर डाव्या पायाने लंगडत. कारखान्यात लोखंड पडून पाय अधू झाला, असे त्यांनी घरी सांगितले होते. फुटबॉलला घरच्यांचा विरोध होता. आजी अजून हयात होत्या. त्याने मोबाईलवर कार्डाची दोन्ही अंगे टिपून घेतली आणि तो गेला. आठ दिवसांनी परत आला तो मूळ कार्डच मागायला. नातवाने मागची नोंद वाचून दाखविली तेव्हा आजी गप्प राहिल्या होत्या. मग एवढेच म्हणाल्या की, हे घरी नेहमी बंगालीत सही करीत, इंग्रजीत करता येते हे मला ठाऊकच नव्हते.

जेठूंनी तीन दिवसांची मुदत मागितली. पन्नास वर्षांत त्यांनी एकही कार्ड हातचे सोडले नव्हते. विकणे तर दूरच, अदलाबदलही केली नव्हती. मला वाटते, संग्राहकाच्या मनाची खरी परीक्षा अशाच वेळी होते. आणि त्या तीन दिवसांत त्यांना झोप लागली नाही ह्याबद्दल मी तरी त्यांना हसणार नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कोणास हा छंद धरावासा वाटला तर कोलकात्याला जाण्याचे कारण नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने होतात. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. मुंबईत कूपरेज मैदान आहे. सामन्यापूर्वी खेळाडूला गाठू नये. हरलेल्या संघापासून मात्र पळून जाऊ नये. जेठूंच्या मते हरलेला खेळाडूच सर्वांत सावकाश, नीट अक्षरात सही करतो. दूरच्या खेळाडूस क्लबाच्या पत्त्यावर कार्ड पाठवावे, सोबत आपला पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट ठेवावे. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई फुटते, म्हणून कोरी पट्टी हवीच. चिकटपट्टी कधीही वापरू नये. तिचे पिवळे डाग जात नाहीत. कार्डे उन्हात वाळवू नयेत, शाई उडते. पावसाळी दमटपणात बुरशी आणि कसर हे दोन शत्रू. जेठू डब्यात कडुलिंबाचा सुकलेला पाला ठेवतात आणि महिन्यातून एकदा कार्डे पंख्याखाली मांडतात. नकली स्वाक्षरीची भीती येथे जवळजवळ नाही. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याची सही कोण कशाला गिरवील?

निघण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा डबा पाहायला मागितला. १९६६च्या कप्प्यात दोन कार्डांच्या मधोमध एक पांढरी चिठ्ठी होती. तीवर शिसपेन्सिलीने मागील नोंद जशीच्या तशी उतरविलेली, आणि खाली एक ओळ वाढविलेली : ‘मूळ कार्ड घरी पोहोचते केले.’