जब्याचा दगड आणि कायद्याची हद्द

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्याला आता एक तपाहून अधिक काळ लोटला. 'सैराट'ने २०१६ साली तिकीटबारीवर विक्रम केला, पण चळवळीच्या कार्यकर्त्यांमध्ये चर्चा निघते ती आजही 'फँड्री'चीच. वस्त्यांवर, वसतिगृहांत, अभ्यासवर्गांत हा चित्रपट पुनःपुन्हा दाखवला जातो. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा.

कथा साधी आहे. जब्या कैकाडी समाजाचा शाळकरी मुलगा. 'फँड्री' म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. गावातली डुकरे पकडण्याचे काम त्याच्या बापाच्या, कचरूच्या माथी मारलेले. वर्गातली शालू जब्याला आवडते. तिच्यादेखत आपल्याला डुकरामागे धावावे लागू नये, एवढीच त्या पोराची धडपड. पण शेवटी सारा गाव तमाशा पाहायला जमतो आणि खिदळतो. डुक्कर पकडता पकडता शाळेतले राष्ट्रगीत ऐकून हे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. देशाचा मान हे कुटुंब राखते, त्याचा मान मात्र गाव राखत नाही. मग मेलेले डुक्कर वाहून नेताना मागे भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा दिसतात. आणि अखेरीस जब्या दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने.

या दगडाचे कौतुक पुष्कळ झाले. 'पोरगा पेटून उठला' म्हणून आपणही टाळ्या वाजवल्या. परंतु वकिलीच्या पेशात असल्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. दगड मारल्यानंतर दुसऱ्या दिवशी जब्याचे काय झाले असेल? पोलीस ठाण्यात गुन्हा कोणावर दाखल झाला असेल? चिडवणाऱ्यांवर की दगड मारणाऱ्यावर?

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. चारचौघांत हेतुपुरस्सर केलेला अपमान त्याने गुन्हा ठरवला. मात्र पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची असली पाहिजे. इथेच मेख आहे. महाराष्ट्रात कैकाडी ही अनुसूचित जात आहे ती फक्त विदर्भात. जुन्या अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा या जिल्ह्यांत आणि राजुरा वगळता जुन्या चंद्रपूर जिल्ह्यात. उरलेल्या महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत मोडतो. मंजुळे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले. करमाळ्याच्या मूळ रहिवासी कैकाडी मुलाला या कायद्याचे संरक्षण नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून निर्माण झाला, म्हणून इथल्या रिसोड-मालेगावच्या कैकाडी मुलाला ते आहे. बोली तीच, टोपल्या विणण्याचा धंदा तोच, गावाचे हिणवणेही तेच. बदलते ती फक्त हद्द!

ही हद्द जुन्या प्रांतांनी आखली. विदर्भ पूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. पश्चिम महाराष्ट्र मुंबई इलाख्यात होता आणि तिथे कैकाड्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारून त्यांना सेटलमेंटच्या तारेत कोंडले गेले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तार तुटली, शिक्का पुसला गेला नाही. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने बहुतेक जातींवरचे क्षेत्रबंधन उठवले, कैकाड्यांचे मात्र ठेवले. संविधानाच्या अनुच्छेद ३४१ नुसार ही यादी बदलण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे.

ज्यांना कायदा लागू आहे त्यांचे तरी काय होते? 'फँड्री' लागून अडीच महिने होत नाहीत तोच २८ एप्रिल २०१४ रोजी तत्कालीन अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा, सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. पडद्यावर जो गाव हसत होता, तोच न्यायालयात गप्प बसला. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आणले. त्यानुसार साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च आणि प्रकरणाची माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे. हा हक्क मागण्यासाठी अर्ज करावा लागतो. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी असा अर्ज लिहून दिला आहे?

म्हणून वाशीम जिल्ह्यातील भीमसैनिकांना माझे सांगणे आहे. आपल्या गावाबाहेर कैकाडी बांधवांची जी पालं आणि घरं आहेत, तिथे जा. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. भटक्या कुटुंबाकडे तो कागद कुठून येणार? आजोबाचा शाळेचा दाखला नसतो, सातबारा तर नसतोच. कोतवाल बुकाची नक्कल, जुनी जन्म-मृत्यू नोंद शोधून द्यावी लागते, उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठपुरावा करावा लागतो. दाखला नसेल तर शिष्यवृत्ती नाही, आणि गुन्हा नोंदवताना पहिली अडवणूकही तिथेच होते. आणि क्षेत्रबंधन उठवण्याची मागणी केवळ कैकाडी समाजाची नव्हे, ती आंबेडकरी चळवळीची मागणी झाली पाहिजे. बाबासाहेबांचे चित्र जब्याच्या पाठीमागच्या भिंतीवर होते. ते नुसते भिंतीवर ठेवायचे की त्या पोराच्या बाजूने ठाण्यात आणि न्यायालयात उभे राहायचे, हे आपल्या हाती आहे.

जयभीम!