गुलामांचा पराभव चालतो, विजय चालत नाही!

‘स्पार्टाकस’ (१९६०) मधला तो प्रसंग आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना पाठ आहे. हरलेल्या गुलामांना विचारले जाते, तुमच्यातला स्पार्टाकस कोण? आणि एकामागून एक उठून सगळेच ते नाव आपले म्हणून सांगतात. डोळे भरून येतात, मान्य. पण इतिहासात असे घडलेले नाही. अप्पियन लिहितो, स्पार्टाकसचे प्रेतसुद्धा सापडले नाही.

या सिनेमाच्या निर्मितीची कथा आपल्याकडेही एका नटाच्या धाडसाची कथा म्हणून फिरवली जाते. कर्क डग्लसने काळ्या यादीतल्या लेखकाला नाव दिले, म्हणे! माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. नाव दिले? ज्याचे होते त्याचेच ना?

मूळ कादंबरी हॉवर्ड फास्टची. एका फॅसिझमविरोधी समितीची कागदपत्रे अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीला द्यायला नकार दिला म्हणून हा कम्युनिस्ट लेखक १९५० मध्ये तुरुंगात गेला. प्रकाशकांनी दारे बंद केली, तेव्हा १९५१ मध्ये त्याने पुस्तक स्वतः छापले. पटकथाकार डाल्टन ट्रम्बोही तुरुंगातून आलेला. १९४७ मध्ये त्याने त्याच चौकशी समितीपुढे उत्तरे नाकारली होती. बाहेर आल्यावर तो टोपणनावांनी लिहीत राहिला. १९५७ मध्ये ‘रॉबर्ट रिच’ला ऑस्कर मिळाले, त्या नावाचा लेखकच नव्हता, तो ट्रम्बो होता. यादीतले लेखक स्वस्तात मिळत, हे निर्मात्यांना चांगले ठाऊक होते. बहिष्कार नावावर, श्रमावर नाही. हा व्यवहार आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज आहे का?

‘स्पार्टाकस’साठी ट्रम्बो झाला ‘सॅम जॅक्सन’. डग्लसच्या आठवणींनुसार, श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न आला तेव्हा दिग्दर्शक कुब्रिकने आपलेच नाव घालायची तयारी दाखवली. हे ऐकून डग्लस चिडला, हे त्याच्या बाजूने मांडलेच पाहिजे. पण ‘एक्झोडस’चे लेखन ट्रम्बोचे आहे, हे ऑटो प्रेमिंजरने जानेवारी १९६० मध्येच जाहीर करून टाकले होते. आणि दहा-बारा वर्षे टोपणनावांनी लिहून ती यादी आतून पोखरणारा ट्रम्बो स्वतः? त्याला उपकृताच्या रांगेत का उभे करता?

आता पडद्यावर काय उरले ते पाहा. इतिहासातल्या गुलामांनी इसवी सनपूर्व ७२ मध्ये रोमच्या दोन्ही कॉन्सलच्या सैन्यांना धूळ चारली. सिनेमात एका छावणीचा पाडाव दिसतो. बाकीचे विजय बहुतांशी सिनेटमधल्या बोलण्यातून कळतात. पराभव मात्र साग्रसंगीत! त्यासाठी माद्रिदजवळ स्पेनचे सुमारे ८,००० सैनिक रोमन म्हणून उभे केले, तेही फ्रँकोच्या फौजेतले. आणि शेवटी रस्त्याच्या कडेने क्रूसच क्रूस. सिनेमाची कच्ची जुळणी पाहून ट्रम्बोने लांबलचक टिपण लिहिले. स्पार्टाकस लहान केला जातोय, ही त्याची तक्रार होती.

आणि ड्राबा? स्पार्टाकसला मारायला नकार देऊन रोमन मालकांवर झेप घेणारा काळा योद्धा. वुडी स्ट्रोडने तो उभा केला. अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमधली वर्णबंदी १९४६ मध्ये मोडणाऱ्या मोजक्या खेळाडूंपैकी हा एक. बंडाची ठिणगी ड्राबाच्या मरणातून पडते, पण त्याच्या वाट्याला काही मिनिटे येतात. त्याचा उलटा टांगलेला देह गोऱ्या नायकाला जागा करण्यापुरता.

बाबासाहेबांनी रोमन गुलामगिरी आणि अस्पृश्यता शेजारी ठेवून तपासली होती. रोमन गुलाम शिक्षक, लेखनिक, वैद्य होऊ शके. अस्पृश्याला ते दार बंद होते. या सिनेमातला अँटोनायनस मालकाच्या मुलांना शिकवणारा, गाणी म्हणणारा गुलाम आहे. तेव्हा स्टेटसवर ‘मीही स्पार्टाकस’ लिहिणाऱ्यांनी हा फरक आधी वाचावा. चळवळीतली सरसकट बरोबरी मला नेहमीच आळशीपणाची वाटत आली आहे.

१९९१ मध्ये सिनेमाची दुरुस्त प्रत आली. क्रॅससच्या स्नानगृहातला कापलेला संवाद परत जोडला. लॉरेन्स ऑलिव्हिए वारले होते, म्हणून त्यांचा आवाज अँथनी हॉपकिन्सने दिला. मालकाच्या आवाजासाठी एवढी धडपड झाली. कॉन्सलना हरवणारे गुलाम त्या प्रतीतही दिसत नाहीत.