हातातला ट्रे खाली ठेवून

धर्माबादच्या एका भगिनीने विचारले आहे : ‘मुलीसाठी हैदराबादचे स्थळ आले आहे. मुलाकडचे म्हणतात, घरी येण्याऐवजी एखाद्या शांत हॉटेलात हाय टीला भेटू. आमच्या मोहल्ल्यात असे कुणी केलेले नाही. जावे का? आणि हाय टी म्हणजे नेमके काय?’

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. दुपारच्या चहाची रीत इंग्लंडमधली. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी ती सुरू केली, असे सांगतात. रात्रीचे जेवण उशिरा होई, म्हणून चारच्या सुमारास चहा, पातळ सँडविच आणि केक. ‘हाय टी’ मात्र मुळात कामकरी घरांतले संध्याकाळचे पोटभर जेवण. आपल्याकडे दोन्ही नावे एकच झाली. या चहात पत्ती किटलीत मुरवतात. दूध आणि साखर वेगळी येते.

हैदराबादचा इराणी चहा याच्या अगदी उलट. पत्ती झाकणाखाली मंद आचेवर तासन्‌तास दम खाते, दूध वेगळे आटते आणि दोघांची गाठ थेट कपात पडते. सोबत उस्मानिया बिस्कीट. १९४८ पर्यंत आपला हा भाग निजामाच्याच राज्यात होता आणि आजही धर्माबादहून गाडी बासरमार्गे गोदावरी ओलांडून तिकडेच जाते. त्यामुळे ही चव आपल्याला परकी नाही. पण तिथे गर्दी आणि गोंगाट असतो. मोकळेपणी बोलायला ती जागा नव्हे.

आता पहिला प्रश्न. हॉटेलात स्थळ पाहणे ही आजची टूम नाही. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. तिथल्या ‘सी लाउंज’मध्ये खिडकीतून समुद्र दिसतो आणि सँडविचबरोबर भेळ, शेवपुरीही मिळते. दोन घरांच्या पहिल्या भेटीसाठी ही जागा अनेक वर्षे प्रसिद्ध आहे.

माझे मत विचाराल तर अवश्य जा. घरी पाहुणे येतात तेव्हा मुलगी ट्रे घेऊन येते, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळतात आणि पाच मिनिटांत ती आत जाते. तिने मुलाला कधी पाहिले, काय विचारले? नकार आला तर दुसऱ्या दिवशी सारा मोहल्ला हळहळतो. असे तीन-चारदा झाले की मुलगी मनातून खचते. हॉटेलात चहा वेटर आणतो. मुलगी बसलेली असते, मुलगाही बसलेला असतो. दोघेही पाहणारे आणि दोघेही पाहिले जाणारे. निकाहात मुलीची रजामंदी ही शर्त आहे. ती रजामंदी समजून-उमजून द्यायची तर तिला बोलायला वेळ हवा. आई-वडील त्याच टेबलाशी असतील तर पडद्याचा आणि अदबीचाही प्रश्न उरत नाही.

काही गोष्टी मात्र आधी ठरवा. हॉटेलला फोन करून विचारा : त्या दालनात दारू दिली जाते का? मांस हलाल आहे का? केकमध्ये रम किंवा पुडिंगमध्ये जिलेटिन असते का? उत्तर गोलमोल आले तर जागा बदला. नमाजला जागा आहे का तेही विचारा. जोहर पढून निघा आणि असर चुकणार नाही अशी वेळ घ्या. बिल कोण देणार हे मोठ्यांनी फोनवरच ठरवावे. टेबलावर ओढाताण नको. दोन्हीकडून चार-चारच माणसे जावीत. बुफे असला तरी ताटे भरून टाकू नयेत. उरलेले अन्न वाया गेले तर ती नासाडी आपलीच.

आणि खर्च झेपत नसेल तर स्पष्ट सांगा. नांदेड किंवा निजामाबादचे साधे, स्वच्छ फॅमिली हॉटेलही चालेल. साध्या जागेवरून जे नाक मुरडतील, त्यांचा स्वभाव निकाहाआधीच कळला म्हणून अल्लाहचे शुक्र माना.

परतल्यावर सर्वांत आधी मुलीला विचारा, तुला काय वाटले? ती नाही म्हणाली, तर ते उत्तर हसतमुखाने पोहोचवा. दोन कप चहाचा खर्च झाला, एवढेच.