अश्वशक्ती विचारता, मग टॉर्क का नाही?

शोरूममध्ये गाडी पाहायला गेलेला माणूस साधारणपणे तीन गोष्टी विचारतो : किंमत किती, ॲव्हरेज किती आणि इंजिन किती सीसीचे. थोडा जाणकार असेल तर अश्वशक्ती विचारतो. टॉर्क मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमचे स्पष्ट मत असे की, ज्याला गाडीवर पोट भरायचे आहे त्याने हा आकडा आधी विचारला पाहिजे. आणि तो इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो, हेही विचारले पाहिजे. भाड्याची मोटार चालवणारे, चादरी-टॉवेलच्या गाठी टेम्पोतून पोचवणारे, आठवडी बाजार करणारे आमचे अनेक वाचक कर्ज काढून गाडी घेतात. कामाला न शोभणारी गाडी गळ्यात पडली, तर हप्ते काही थांबत नाहीत आणि डिझेल, क्लच प्लेट व इंजिनकामाचा खर्च वरून येतो.

टॉर्क म्हणजे काय, हे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. घट्ट बसलेला नट आखूड पान्ह्याने सुटत नाही, पान्ह्यात पाइप घालून लांबी वाढवली की सुटतो. हा पिळण्याचा जोर म्हणजेच टॉर्क. त्याचे माप न्यूटन-मीटर. एक मीटर लांबीच्या आडव्या दांडीच्या टोकाला सुमारे शंभर ग्रॅम वजन टांगले, तर दुसऱ्या टोकाशी जो पीळ पडतो तो एक न्यूटन-मीटर. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत हेच माप किलोग्रॅम-मीटरमध्ये असे. त्यातला एक म्हणजे आजचे सुमारे ९.८. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

मग अश्वशक्ती कशाला म्हणायचे? हा जोर दर मिनिटाला किती वेळा फिरतो, याचा तो हिशेब आहे. मोटेचा बैल सावकाश चालतो, पण भरलेली मोट वर आणतो. टांग्याचा घोडा भरधाव पळतो, पण त्याला मोटेला जुंपत नाहीत. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून सुमारे ७०२४ ने भागले की अश्वशक्ती निघते. म्हणजे हे दोन आकडे एकमेकांचे वैरी नव्हेत. पण जाहिरातीत छापली जाते ती सर्वांत मोठी अश्वशक्ती, आणि ती इंजिन जोरात ओरडत असताना मिळते. गावात, चढावर, लोड घेऊन चालणारी गाडी तेवढ्या फेऱ्यांवर कितीशी चालते?

उदाहरण सर्वांच्या ओळखीचे घेऊ. मारुतीची स्विफ्ट काही वर्षे पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांत मिळत होती. पेट्रोलचे ११९७ सीसीचे इंजिन सुमारे ८५ अश्वशक्तीचे होते, डिझेलचे १२४८ सीसीचे इंजिन ७५ चे. नुसते हे आकडे वाचणारा पेट्रोल गाडीलाच जास्त दमाची म्हणेल. पण टॉर्क पाहा : पेट्रोलचा सुमारे ११४ न्यूटन-मीटर, तोही ४००० फेऱ्यांच्या आसपास, डिझेलचा १९०, आणि तो २००० फेऱ्यांवरच. २००० फेऱ्यांवर डिझेल इंजिन सुमारे ५४ अश्वशक्ती देते. पेट्रोल इंजिनाने तेथे आपला सगळा टॉर्क दिला असे धरले, तरी ३२ च्या वर आकडा जात नाही.

हा फरक चालवणाऱ्याला पायाखाली कळतो. सोलापूरहून हैदराबादकडे किंवा विजयपूरकडे रस्ता बराचसा सपाट आहे. तेथे दोन्ही गाड्या खुशाल पळतात. पण पाच माणसे आणि सामान घेऊन तुळजापूरचा घाट चढताना पेट्रोल गाडीला खालचा गिअर टाकून इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात. डिझेल गाडी वरच्या गिअरमध्येही ओढत राहते. आपले ड्रायव्हर ज्याला ‘पिकअप’ म्हणतात तो बहुतांशी हाच, खालच्या फेऱ्यांवरचा टॉर्क.

टर्बोच्या इंजिनाची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. फेऱ्या फारच उतरल्या की टर्बोला पुरेशी हवा ढकलता येत नाही, गाडी झोपल्यासारखी होते आणि मग एकदम उसळते. ज्या ड्रायव्हरला हे ठाऊक नसते, तो गर्दीत हाफ क्लचवर गाडी ओढतो आणि क्लच प्लेट जाळून घेतो. दोष गाडीला दिला जातो, पण कारण टॉर्क कोठे सुरू होतो हे न समजण्यात असते.

येथे कोणी म्हणेल, मग टॉर्क मोठा तेवढी गाडी चांगली असे समजायचे काय? तसेही नाही. इंजिनाचा टॉर्क गिअरमधून वाढून चाकाला पोचतो. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी टाटा एस २००५ साली आली, तेव्हा तिचे ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन अवघ्या १६ अश्वशक्तीचे होते आणि टॉर्क सुमारे ३८ न्यूटन-मीटर. मारुती ८०० चा टॉर्क ५९ होता. तरी पाऊण टन माल वाहिला तो छोट्या हत्तीने, कारण तिची चौकट आणि गिअर ओझ्यासाठीच बांधलेले होते. त्याची किंमत तिने वेगात मोजली. म्हणून आकडा कामाच्या संदर्भात वाचावा. रोज महामार्गावर ओव्हरटेक करत लांब जायचे असेल, तर वरच्या फेऱ्यांवरची अश्वशक्तीही हवीच.

आपल्या उन्हाळ्याचाही हिशेब धरावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की हवा विरळ होते. २५ अंशांच्या मानाने ४३ अंशांच्या हवेत वजनाने सुमारे सहा टक्के कमी हवा असते. टर्बो नसलेल्या लहान इंजिनात हवा कमी शिरली की टॉर्कही तेवढा घटतो. त्यात एसीचा कॉम्प्रेसर आपला वाटा काढून घेतो. मार्चच्या सकाळी एकट्याने घेतलेली चाचणी मे महिन्याच्या दुपारी भरलेल्या गाडीला लागू पडत नाही, ती यामुळे.

सोलापूरकरांनी तर हा विषय परका मानूच नये. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. १९९२ साली येथे स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स देशातील व परदेशातील मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. आणि टॉर्क कोणत्या फेऱ्यांवर मिळणार, हे ठरवण्यात कॅमशाफ्टचा मोठा हात असतो. कॅमच्या उंचवट्याचा आकार व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहणार ते ठरवतो. जास्त वेळ उघडा ठेवला तर इंजिन वरच्या फेऱ्यांवर खुलते, पण खालचा दम घटतो. जो भाग गाडीचा स्वभाव घडवतो तो आपल्या गावात तयार होतो, आणि गाडी घेताना आपण तो स्वभाव विचारतही नाही!

आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. टाटाची नेक्सॉन ईव्ही २०२० साली आली ती १२९ अश्वशक्ती आणि २४५ न्यूटन-मीटर घेऊन. विजेच्या मोटारीला टॉर्कसाठी फेऱ्यांची वाट पाहावी लागत नाही. गाडी जागची हलतानाच तो हजर असतो. ॲक्सिलरेटर जपून दाबला नाही तर टायर लवकर झिजतात आणि बॅटरी लवकर उतरते. या मोटारीला कॅमशाफ्ट लागत नाही, क्लच प्लेटही नाही. ज्यांची रोजी या भागांवर आणि त्यांच्या दुरुस्तीवर चालते, त्या मिस्त्री आणि कारागीर बांधवांनी विजेच्या मोटारीचे कसब आतापासूनच शिकून ठेवावे.

आमचे सांगणे थोडक्यात असे. गाडी घेताना तीन प्रश्न विचारा : टॉर्क किती, किती फेऱ्यांपासून किती फेऱ्यांपर्यंत, आणि आपल्या रोजच्या लोडला तो पुरतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सेल्समनच्या तोंडून नव्हे, माणसे बसवून, एसी लावून, चढावर गाडी चालवून घ्यावे. सपाट रस्त्यावरच्या दोन किलोमीटरवर समाधान मानू नये. विक्रेत्यांनीही अशी चाचणी खुशीने द्यावी. नीट पारखून घेतलेल्या गाडीचे गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही, दुसरे गिऱ्हाईक घेऊन येते.